खुले पत्र : माझ्या खात्यावर आलेले २९,६०० रुपये

प्रति,
मा. महसूलमंत्री, मा. कृषिमंत्री आणि मा. मदत व पुनर्वसनमंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : अतिवृष्टीची मदत ठोक्यानं (मालकाला वर्षाची ठरलेली रक्कम देऊन) आणि बटईनं (पिकाच्या वाट्यावर) शेत कसणाऱ्यांना मिळण्याबाबत.

महोदय,

मी मराठवाड्यातल्या, मांजरा काठच्या एका गावचा खातेदार आहे. शेतकरी असं मुद्दाम लिहिलं नाही. नांगरणी, पेरणी, कोळपणी, फवारणी, रास यातलं काहीही मी करत नाही. वडील होते तोवर ते करायचे. ते गेल्यावर १ हेक्टर ६० आर जमीन वारसानं माझ्या नावावर आली. मी लातूरला खासगी नोकरी करतो. आमचे चार एकर आठ वर्षांपासून गावातलेच एक जण ठोक्यानं करतात. आईच्या माहेरच्या नात्यातले आहेत, म्हणून मी त्यांना मामा म्हणतो. त्यांच्या स्वतःच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. या पत्रात त्यांचं नाव टाकू का, असं विचारलं तर ते म्हणाले, "नको रे बाबा, उद्या दुसरं कोणी शेत देणार नाही." म्हणून नाव लिहीत नाही. पण त्यांच्या या एका वाक्यामुळेच मी लिहायला बसलो.

आमच्याकडे ठोका पाडव्याला ठरतो. गेल्या साली एकरी बारा हजारांप्रमाणे अठ्ठेचाळीस हजार रुपये मामांनी मला पाडव्यालाच दिले. त्यातले काही त्यांनी कुठून आणले ते मला माहीत आहे, पण ते इथे सांगण्यासारखं नाही. मृग बरा झाला. चार एकरांत सोयाबीन पेरलं, मधे तुरीचे तास टाकले. डीएपी खताची एक बॅग साडेतेराशेची, अशा चार. बियाणं, ट्रॅक्टर, तणनाशक, दोन फवारण्या, निंदणीच्या बायका. मामीनं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं सगळा हिशोब लिहिलेला आहे. ठोका धरून तो लाखाच्या घरात जातो. कृषी सेवा केंद्राची उधारी त्या हिशोबाच्या खाली, वेगळी रेघ मारून.

सप्टेंबर २०२५ मध्ये काय झालं ते आपल्याला सांगायला नको. मांजरा, तेरणा, सीना, सिंदफणा, गोदावरी, सगळ्या एकदमच आल्या. आमच्या शेतात पाणी चार दिवस हटलं नाही. शेंगा भरलेल्या होत्या, काढणीला आठ-दहा दिवस बाकी होते. पाणी ओसरल्यावर मी गावी गेलो तेव्हा मामांनी एक डहाळं उपटून माझ्या हातात दिलं. शेंगा काळ्या पडल्या होत्या आणि जागच्या जागी दाण्यांना कोंब फुटले होते. चिखलाचा आणि कुजक्या पाल्याचा वास हातावर संध्याकाळपर्यंत राहिला.

पंचनाम्याला मंडळी आली तेव्हा गुडघाभर चिखलात त्यांना बांधापर्यंत नेलं मामांनी. नुकसान दाखवलं मामांनी. कागदावर नाव विचारलं तेव्हा मामांनी स्वतःचं सांगितलं, तर उत्तर आलं, "तुमचं नको, मालकाचं सांगा." लिहिणाऱ्याचा दोष नाही. त्याच्या कागदात दुसऱ्या नावाला जागाच नव्हती.

७ ऑक्टोबर २०२५ ला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, आणि रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी आणखी १०,०००, तीन हेक्टरांच्या मर्यादेत. माझ्या १ हेक्टर ६० आरला पहिले १३,६०० आणि दुसरे १६,००० बसतात. दोन्ही रकमा माझ्या आधारशी जोडलेल्या खात्यावर आल्या. पहिला मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात डबा खात होतो. माझा फार्मर आयडी, म्हणजे सरकारचा शेतकरी ओळख क्रमांक, काढलेला होता, त्यामुळे कुठे अंगठा द्यायला, रांगेत उभं राहायला जावं लागलं नाही. यंत्रणेनं तिच्या नियमाप्रमाणे काम चोख केलं आणि पैसे चुकीच्या माणसाला गेले.

महोदय, त्या पुरात माझं काहीही बुडालं नव्हतं. माझे अठ्ठेचाळीस हजार पाडव्यालाच माझ्या खिशात आले होते. पाऊस पडो न पडो, सोयाबीनला भाव मिळो न मिळो, ठोक्याच्या मालकाचं काही जात नाही. बुडालं ते मामांचं. आणि नुकसानभरपाई मिळाली मला. मी काही खोटं बोललो नाही, कुठे खोटी सही केली नाही, तरी ज्याचं नुकसान झालं नाही त्याला नुकसानभरपाई मिळाली.

मी २९,६०० रुपये काढून मामांना नेऊन दिले. यात मोठेपणा नाही, पैसे त्यांचेच होते. पण ते देताना जे झालं ते मला अजून बोचतं. मामांनी पाटावर बसवलं, मामीनं चहा केला, आणि पैसे हातात घेताना मामा म्हणाले, "तुझे लई उपकार झाले." माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस. सरकारनं त्यांच्यासाठी पाठवलेला पैसा त्यांना माझे उपकार म्हणून घ्यावा लागला. मी दिले नसते तर? ते मागायलाही आले नसते. मागितले आणि मला राग आला, तर पुढच्या पाडव्याला शेत जाईल, ही भीती त्यांच्या मनात होती आणि आहे.

आमच्याच गावात कुणी मालकानं सगळे पैसे दिले, कुणी अर्धे दिले, कुणी "सरकारनं मला दिलेत" म्हणून विषय संपवला. मालकांना शिव्या देण्यासाठी मी हे लिहीत नाही. आमच्याकडचे मालक म्हणजे जमीनदार नव्हेत. कोणाची दोन एकर आहे आणि पोरगा पुण्यात कंपनीत आहे. एक विधवा बाई आहेत, अंगात काम करायचं बळ राहिलेलं नाही, त्यांचं वर्षाचं रेशन, औषधं त्या ठोक्यावर चालतात. राज्यात सरासरी जमीनधारणाच २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर होती. इथे गरिबाचं शेत दुसरा गरीब करतो. म्हणूनच कुणाला किती मिळावं हे मालकाच्या मनावर सोडून चालणार नाही. ते सरकारी कागदावर ठरलेलं असलं पाहिजे.

आणि हा प्रश्न एका पुराचा असता तर मी पत्र लिहिलं नसतं. मामांसारख्या माणसाला कुठल्याच दारातून आत जाता येत नाही. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार जमीन नावावर असलेल्या कुटुंबाला. नमो शेतकरीचे सहा हजार त्याच यादीवर. खरीप २०२३ च्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी पाच हजारांची मदत दिली, तीही खातेदाराला. पीकविम्यात बटईदाराला भाग घेता येतो असं नियम सांगतो, पण त्यासाठी नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. चार एकरांच्या तोंडी ठोक्यासाठी दुय्यम निबंधकाकडे जाऊन करार नोंदवणारा मालक मी अजून पाहिलेला नाही. एक रुपयाचा विमा खरीप २०२५ पासून बंद झाला, आता सोयाबीनला विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता आहे. तो भरायची मामांची तयारी होती, पण भरायचा कुणाच्या नावानं? हमीभावाचं तेच. सोयाबीनचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. खरेदी केंद्रावर नोंदणीला सातबारा लागतो, त्यावर पीक पाहणीची, म्हणजे शेतात काय पेरलंय त्याची, नोंद लागते आणि पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला जातात. म्हणून कसणारा वाचलेला माल सरळ आडतीला नेतो आणि मिळेल त्या भावाला घालतो. २०१७ ची कर्जमाफी झाली, २०१९ ची झाली. दोन्ही मुख्यतः बँकेच्या पीककर्जाच्या. ज्याला सातबारा नाही त्याला पीककर्ज नाही, आणि ज्याला पीककर्ज नाही त्याला माफी नाही. त्याचं कर्ज दुकानदाराच्या वहीत आणि सावकाराच्या चिठ्ठीत असतं. २०२५ पासून फार्मर आयडी सक्तीचा झाला. तो आयडी जमिनीच्या नोंदीला जोडलेला आहे. माझ्याकडे आहे, मामांकडे नाही. म्हणजे सरकारच्या संगणकात चार एकरांचा शेतकरी मी आहे आणि मामा कोणीच नाहीत.

सरकारच्याच कागदात शेतकऱ्याची वेगळी व्याख्याही आहे. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणानं कुळं, बटईदार, शेतमजूर या सगळ्यांना शेतकरी म्हटलेलं आहे. ते धोरण छापून किती वर्षं झाली! पैसे वाटायची वेळ आली की मात्र व्याख्या सातबाऱ्यावर येऊन थांबते.

सर्वात जास्त वाईट मला पीक पाहणीचं वाटतं, कारण तिथे उत्तर अगदी हाताशी आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. ॲप असं केलं की शेतात उभं राहूनच फोटो काढावा लागतो, घरी बसून चालत नाही. उद्देश चांगला, कुणी खोटं पीक दाखवू नये. पण शेतात उभं कोण असतं? मामा. दर खरिपाला मी मामांना फोनवर गट नंबर सांगतो, ते त्यांच्या पोराच्या मोबाईलवर ॲप उघडतात, यादीतून माझं नाव निवडतात, सोयाबीनच्या तासात उभे राहून फोटो काढतात आणि पाठवतात. उपग्रहाला ठाऊक असतं की तो मोबाईल माझ्या गटात उभा आहे. तो मोबाईल कोणाचा, हे विचारणारी एक ओळ त्या ॲपमध्ये असती तर मामांची सोय झाली असती.

जुन्या लोकांना आठवत असेल, हातानं लिहिलेल्या सातबाऱ्याच्या खालच्या भागात, गाव नमुना बारामध्ये, "जमीन करणाराचे नाव" असा रकाना होता. माझ्या वडिलांच्या वेळच्या उताऱ्यात तिथे "खुद्द" असं शब्दांत लिहिलेलं मी पाहिलेलं आहे. म्हणजे जमीन नावावर कोणाच्या आणि करतो कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे महसूल खात्याला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. खातेदाराशिवाय दुसरा कोणी कब्जात आढळला तर फॉर्म नंबर १४ भरून तहसीलदारांकडे पाठवायचा, चौकशी व्हायची आणि नमुना सात-ब मध्ये नोंद व्हायची, ही पद्धत १९७१ च्या नियमांत आहे. पण चौदा नंबरचा फॉर्म म्हटला की गावात भांडण. ते हत्यार कब्जाच्या वादाचं झालं, कसणाऱ्याच्या ओळखीचं राहिलं नाही.

त्याचं कारण उघड आहे आणि ते नीट बोललं पाहिजे. मालकाला भीती आहे की "कूळ लागेल", म्हणजे कसणारा कायद्यानं जमिनीवर हक्क सांगेल. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन (कुळांना मालक मानण्याचा दिवस), आमच्याकडे मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा कायदा, विदर्भात १९५८ चा. त्या कायद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या लोकांना जमीन मिळाली, आणि ते योग्यच झालं. मी त्या कायद्यांच्या विरोधात एक शब्दही बोलणार नाही. पण त्याची आठवण गावात अशी राहिली की कागदावर दुसऱ्याचं नाव आलं म्हणजे जमीन गेली. माझी आईसुद्धा मला दरवर्षी सांगते, "लिहून काही देऊ नको." मामा आमचे नातेवाईक, तरीही. म्हणून सगळा व्यवहार तोंडी. आणि तोंडी व्यवहाराला मदत नाही, विमा नाही, कर्ज नाही.

ही गाठ सोडवायचा प्रयत्न दुसरीकडे झालेला आहे. ओडिशानं शेतकऱ्यांना पैशाची मदत देणारी कालिया योजना आणली तेव्हा बटईदार आणि भूमिहीन कुटुंबंही त्यात घेतली. आंध्र प्रदेशानं २०११ मध्ये कसणाऱ्यांना ओळखपत्रं देणारा कायदा केला आणि २०१९ मध्ये नवा कायदा करून अकरा महिन्यांच्या करारावर पीक कसणाऱ्याला हक्काचं कार्ड दिलं. जमिनीच्या मालकीवर त्याचा परिणाम होणार नाही हे कायद्यातच लिहिलं. मात्र तिथे मालकाची सही लागते आणि बरेच मालक सही करत नाहीत, ही त्यातली मोठी उणीव आहे. तेलंगणानं २०१८ मध्ये एकरी पैसे द्यायला सुरुवात केली, मोठा गाजावाजा झाला, पण तिथेही पैसे जमिनीच्या पासबुकावरच्या मालकाला, कसणारा बाहेर. नीती आयोगानंही २०१६ मध्ये डॉ. टी. हक यांच्या समितीकडून शेतजमीन भाडेपट्ट्याच्या नमुना कायद्याचा मसुदा करून घेतला आणि राज्यांना पाठवला. सगळं नव्यानं शोधून काढायची गरज नाही.

मी मागतो ते एवढंच. पीक पाहणीत खातेदाराच्या नावाखाली "प्रत्यक्ष कसणारा" अशी एक नोंद हंगामापुरती घ्या. ही नोंद त्या एका हंगामानंतर आपोआप संपेल, तिच्यावरून कुळाचा, कब्जाचा, मालकीचा कसलाही हक्क सांगता येणार नाही, हे शासन निर्णयात नव्हे, कायद्यात दुरुस्ती करून लिहा. शासन निर्णयावर माझी आई विश्वास ठेवणार नाही, आणि तिचं चूक नाही. मालकानं संमती दिली तर उत्तम. नाही दिली तरी कसणाऱ्याचा अर्ज तिथेच मरू देऊ नका. चतुःसीमेचे चार शेजारी आहेत, पोलीस पाटील आहेत, ग्रामसभा आहे. शेत कोण करतं हे गावात लहान पोरालाही माहीत असतं. त्यांचा जबाब घ्या, यादी चावडीवर लावा, हरकतींना आठ दिवस द्या.

मग मदत कोणाला? इथे मला तारतम्य हवं आहे. ठोका असेल तर मालकाची जोखीम शून्य आहे, सगळा पैसा कसणाऱ्याला. निम्म्या वाट्याची बटई असेल आणि बी-खत दोघांनी निम्मं घातलं असेल तर निम्मं-निम्मं. जमीनच खरवडून गेली असेल तर ती भरपाई मालकाची, त्यात वाद नाही, कारण माती त्याची गेली. रब्बीच्या बियाण्याचे पैसे जो रब्बी पेरणार त्याला. आणि ही नोंद असलेल्याला फार्मर आयडी द्या, विम्याचा हप्ता त्याच्या नावानं भरू द्या, हमीभाव केंद्रावर त्याच्या नावानं माल घ्या. यातलं काही करायला नवा पैसा लागत नाही. जो पैसा आपण आजही देता, तो योग्य दारी जाईल.

याचा गैरफायदा घेणारे निघतील, हे मला माहीत आहे. मालक आणि कसणारा दोघं मिळून खोटी नोंद करतील, कुणी पोराच्या नावानं करेल. पण आज जी यादी आहे ती तरी खरी आहे का? माझंच नाव त्या यादीत पूरग्रस्त शेतकरी म्हणून आहे.

यंदाच्या पाडव्याला मामांनी शेत पुन्हा ठोक्यानं घेतलं. मी ठोका कमी करतो म्हणालो, ते म्हणाले, "रास झाल्यावर बघू." दुकानाची मागची उधारी अजून कॅलेंडरच्या मागे तशीच आहे. आता मृगाची वाट आहे. १ ऑगस्टला शेतकऱ्यांच्या स्तरावरची पीक पाहणी सुरू होईल, मामा मोबाईल घेऊन माझ्या गटात उभे राहतील आणि यादीतून नाव निवडतील. त्याआधी ती एक ओळ त्या ॲपमध्ये घाला. खातेदार म्हणून माझी संमती मी आजच लिहून, सही करून ठेवली आहे. ती घ्यायला तहसीलमध्ये कुणाला सांगाल तेवढं कळवा, मी सुट्टी टाकून आणून देतो.

आपला,
मांजरा काठचा एक खातेदार